इब्न अल् हैथम : दृष्टीचे कोडे सोडविणारा विज्ञानोपासक

डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात, म्हणून ती दिसते, असे युक्लिड व टॉलेमी हे ग्रीक पंडित मानत. अॅरिस्टॉटलला ते मान्य नव्हते. शतकानुशतके रेंगाळलेल्या या वादाला प्रयोगाची कसोटी लावली ती अरब शास्त्रज्ञ इब्न अल् हैथम याने. युरोप त्याला अल्हाझेन या नावाने ओळखतो.

त्याचा जन्म इ. स. ९६५च्या सुमारास आजच्या इराकमधील बसरा येथे झाला. चरित्रकारांच्या सांगण्यानुसार, नाईल नदीचे पाणी नियंत्रित करता येईल, असा त्याचा दावा होता. तो ऐकून इजिप्तचा फातिमी खलिफा अल् हाकिम याने त्याला कैरोला पाचारण केले. अस्वाननजीक पाहणी केल्यावर ही योजना अशक्य असल्याचे त्याला उमगले. खलिफाच्या लहरी कोपातून वाचण्यासाठी त्याने वेडाचे सोंग घेतले आणि १०२१मध्ये हाकिमचा अंत होईपर्यंत तो नजरकैदेत राहिला, अशी कथा आहे. पुढे गणितग्रंथांच्या नकला करून तो गुजराण करीत असे.

'किताब अल् मनाझिर' हा त्याचा सात खंडांचा ग्रंथ प्रकाशशास्त्राचा पाया ठरला. प्रखर सूर्याकडे पाहिल्यास डोळ्यांना इजा होते. अर्थात प्रकाश बाहेरून आत येतो, असे त्याने दाखविले. एका छिद्रासमोर त्याने अनेक दिवे मांडले. एक दिवा झाकताच पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतील नेमका त्याचाच कवडसा नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि किरण परस्परांत मिसळत नाहीत, हे त्यातून सिद्ध झाले.

टॉलेमीच्या सिद्धान्तांतील विसंगती दाखविणारा स्वतंत्र ग्रंथही त्याने लिहिला. पूर्वसूरींवर आंधळा विश्वास न ठेवता स्वतःच्या निष्कर्षांबाबतही साशंक राहावे, ही त्याची भूमिका होती.

त्याचे सारेच निष्कर्ष अचूक नव्हते. दृष्टीची संवेदना नेत्रभिंगात होते, असे तो मानी. प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते, हे १६०४मध्ये केप्लरने स्पष्ट केले. मात्र त्यामागे अल्हाझेनचीच परंपरा होती. त्याचा ग्रंथ १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला, रॉजर बेकनने तो अभ्यासला आणि १५७२मध्ये बाझल येथे तो छापला गेला.

१०४०च्या सुमारास कैरो येथे त्याचे निधन झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५मध्ये साजऱ्या केलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात त्याचे विशेष स्मरण करण्यात आले. ग्रीकांचे ज्ञान अरबांनी केवळ सांभाळले, या समजाला त्याचे कार्य हेच उत्तर आहे.