श्रीनिवास रामानुजन

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणमला गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. घरी बिऱ्हाडाला ठेवलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर गणिते सोडवता सोडवता हा शाळकरी मुलगा त्यांच्याही पुढे गेला.

१९०३ मध्ये कार यांचा ग्रंथ त्यांच्या हाती आला. केंब्रिजच्या कठीण गणित परीक्षेला बसणाऱ्यांना शिकविताना काढलेल्या टिपणांतून तो सिद्ध झाला होता. त्यात सुमारे पाच हजार प्रमेये होती. सिद्धता मात्र अगदी त्रोटक. परीक्षार्थी ती पाठ करून मोकळा झाला असता. रामानुजन ती स्वतः सिद्ध करीत बसले. या ध्यासात इतर विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली आणि एफ. ए.ची परीक्षा ते कधीच उत्तीर्ण झाले नाहीत. १९१२ मध्ये मद्रास बंदरात दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली, तेव्हा कुठे पोटाची सोय झाली.

१९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी ते तेथे गेले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कागद महाग म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पुसत आणि वहीत केवळ निष्कर्ष उतरवीत. त्यांच्या सिद्धता शोधण्यात पुढे गणितज्ञांची अनेक दशके गेली.