१ कॅलरी म्हणजे किती ज्यूल? या आकड्यामागचा माणूस

मोबाईलच्या कन्व्हर्टर ॲपमध्ये १ कॅलरी टाका. ज्यूलमध्ये उत्तर लगेच येतं: साधारण ४.१८. शाळेत आपण हा आकडा पाठ करून टाकतो. पण तो पक्का करायला एका माणसाने सुमारे ३५ वर्षं घालवली. त्यांचं नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डला झाला. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. लहानपणी तब्येत नाजूक, त्यामुळे शिक्षण घरीच झालं. पुढे काही काळ शिकवायला होते अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन! मोठेपणी ज्यूल कारखान्याचं काम बघायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. कॉलेजची डिग्री नाही, कुठे प्राध्यापकही नाहीत.

त्या काळी अनेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक न दिसणारा द्रव मानायचे. म्हणजे उष्णता वेगळी आणि काम वेगळं, दोघांचा हिशोब एकत्र करायचा प्रश्नच नव्हता. ज्यूल यांना मात्र तारेतून वीज गेल्यावर तार तापताना दिसत होती. ही उष्णता आली कुठून? १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात त्यांनी शास्त्रज्ञांसमोर सांगितलं की, ठरावीक कामातून ठरावीकच उष्णता तयार होते. कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग त्यांनी एक साधं यंत्र वापरलं. भांड्यात पाणी, पाण्यात फिरणारी पाती, आणि पाती फिरवायला दोरीला बांधलेली वजनं. वजन खाली येतं, पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं आणि किंचित तापतं. वजनं वीस वेळा खाली सोडली तरी तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट वाढायचं. एवढासा फरक मोजतो म्हटल्यावर लोकांना शंका येणारच. पण कारखान्यात तापमान अचूक मोजायची सवय त्यांच्या कामी आली.

हे आपल्या भागात आणून बघू. शहापूर तालुक्यातला विहीगावचा अशोका धबधबा साधारण १२० फुटांचा. तिथे पडणारं पाणी खाली आदळून किती तापेल? हिशोबाने फक्त ०.०९ अंश सेल्सिअसच्या आसपास! १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्समध्ये फिरायला गेलेल्या ज्यूल यांनी धबधब्यावर हेच मोजायचा प्रयत्न केला होता, पण तुषारांमुळे जमलं नाही.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी त्यांचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं. तिथून चित्र बदललं. १८५० मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

आता तुमच्या कामाचं. विशिष्ट उष्माधारकता म्हणजे १ ग्रॅम पदार्थाचं तापमान १ अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. पाण्यासाठी ती १ कॅलरी, म्हणजेच सुमारे ४.१८६ ज्यूल. किलोग्रॅमसाठी हवी असेल तर १००० ने गुणा: ४१८६ ज्यूल. इथे तापमानातला फरक मोजायचा असतो, त्यामुळे सेल्सिअसऐवजी केल्विन लिहिलं तरी आकडा तोच राहतो. २७३ मिळवू नका! एखादं ॲप ४.१८४ दाखवतं, दुसरं ४.१८६८. दोन्ही बरोबर, कारण कॅलरीच्या व्याख्याच वेगवेगळ्या आहेत.

५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. ३६०० ने गुणलं की ६८,४०० ज्यूल. म्हणजे फुल चार्ज बॅटरीची सगळी ऊर्जा वापरली तर १ लिटर पाणी सुमारे १६ अंशांनी तापेल. चहाला उकळी येणार नाही.

ज्यूल यांचे शेवटचे दिवस पैशांच्या ओढाताणीत गेले. १८७८ मध्ये त्यांना सरकारी पेन्शन मिळालं. त्याच वर्षी त्यांनी आपला आकडा पुन्हा मोजला: १ पौंड पाणी १ अंश फॅरनहाइट तापवायला ७७२.५५ फूट-पौंड काम. आजच्या आकड्यापेक्षा तो एक टक्क्याहूनही कमी फरकाने चुकला होता. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी ते गेले. त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरला आहे, आणि १९४८ पासून जगभर उष्णतेचं अधिकृत एककही त्यांच्याच नावाचं आहे.