साथीच्या तबल्याची जगभर थाप

मुख्य कलाकाराच्या बाजूला बसावे, ठेका धरावा आणि मैफल संपली की निमूटपणे वाद्य आवरावे, ही तबलजीची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. जाहिरातीत गवयाचे नाव ठळक असे. साथीदाराचे असलेच तर तळाशी. ही रीत बदलणाऱ्यांत उस्ताद अल्लारखा अग्रभागी होते. विशेष म्हणजे, त्यांचा तबला ज्या तबकडीमुळे घरोघरी पोहोचला, ती कुठल्या शास्त्रीय मैफलीची नव्हती, तर एका रॉक मैफलीची होती.

अल्लारखा यांचा जन्म २९ एप्रिल १९१९ रोजी जम्मूजवळच्या फगवाल गावी झाला. तालाच्या ओढीने कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले आणि पंजाब घराण्याचे मियाँ कादिरबख्श यांचे शिष्यत्व पत्करले. पतियाळा घराण्याचे आशिक अली खाँ यांच्याकडे ते गायनही शिकले. लाहोर नभोवाणीवर काम केल्यानंतर १९४० मध्ये ते मुंबई केंद्रात आले आणि मुंबईचेच झाले. ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी 'बेवफा'सह अनेक हिंदी चित्रपटांना संगीत दिले. पन्नासच्या दशकाअखेरीस मात्र चित्रपटसृष्टीतील स्थिर मिळकत सोडून त्यांनी स्वतःला तबल्याला वाहून घेतले.

पुढे पंडित रविशंकर यांच्यासोबत त्यांचे परदेश दौरे सुरू झाले. जून १९६७ मध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात हजारो तरुणांनी त्यांना ऐकले. १९६८ मध्ये जॅझ ड्रमवादक बडी रिच यांच्यासमवेत त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ते वुडस्टॉकच्या मंचावर होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या साहाय्याने उभारलेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र वीज देऊ लागले. तिकडून अणुभट्ट्या येत होत्या आणि इकडून ताल जात होता.

दोनच वर्षांत या दोन देशांचे संबंध कमालीचे ताणले गेले. पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांमुळे लाखो निर्वासित भारतात येत होते आणि अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या पाठीशी होते. रविशंकर यांनी आपले मित्र, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे मदतीचा विषय काढला. त्यातून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते आले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी नावे यादीत होती. परंतु आरंभ रविशंकर यांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद, अल्लारखा यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तंबोरा यांनी झाला. वाद्ये जुळवली जात असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, इतके हे संगीत त्यांना अपरिचित होते. तरीही 'बांगला धून' त्यांनी मन लावून ऐकली.

तिकीटविक्रीतून २,४३,४१८ डॉलर जमले आणि ते युनिसेफला देण्यात आले. खरी कमाई पुढे व्हायची होती. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वाटाघाटींत अडकलेली तीन तबकड्यांची पेटी २० डिसेंबर १९७१ रोजी अमेरिकेत विक्रीस आली. बांगलादेश मुक्त होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. पेटी महाग होती आणि पहिली बाजू भारतीय वादनाला दिलेली होती. रॉकच्या बाजारात हे धाडसच. तरीही अमेरिकेत ती विक्रीच्या यादीत दुसऱ्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. १९७३ मध्ये तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. करविषयक सवलतीची तजवीज आधी न केल्याने तिचे उत्पन्न मात्र अमेरिकेत कित्येक वर्षे अडकून पडले. भुकेल्यांसाठी जमलेला पैसा भूक असताना पुरता पोहोचला नाही, हे या यशाचे शल्य.

तबल्याला मात्र नवा श्रोता मिळाला. डिलनसाठी पेटी घेणाऱ्याच्या घरी सुई पहिल्या बाजूवर टेकली की तबला आपोआप ऐकू येई. 'ग्रेटफुल डेड'चे ड्रमवादक मिकी हार्ट यांच्यासारखे पाश्चात्त्य वादक अल्लारखा यांच्याकडे शिकले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री, तर १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये मुंबईत त्यांनी तबल्याची संस्था स्थापन केली. पुत्र झाकीर हुसेन, फजल कुरेशी आणि तौफिक कुरेशी यांनी हा वारसा पुढे नेला.

कन्येच्या आकस्मिक निधनाचा आघात सहन न होऊन ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत हृदयविकाराने अल्लारखा यांचे निधन झाले. झाकीर हुसेन यांनी पुढे अनेक वर्षे याच तारखेला मुंबईत पित्याच्या स्मरणार्थ मैफली भरवल्या. देशोदेशीचे तालवादक तेथे येत आणि मंचाच्या मध्यभागी बसत.