थोरांची ओळख : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर आपल्याला काही परके नाही. आळंद, अफजलपूर भागातील कितीतरी घरे लग्नाच्या बस्त्यासाठी आणि मोठ्या दुखण्याच्या इलाजासाठी आजही सोलापूर गाठतात. त्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाचा विचार चालू असतानाच त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तेथील जखमींना डॉक्टर मिळेनात. चीनच्या विनंतीवरून काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून रवाना केले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि अवघ्या २७ वर्षांचे डॉ. कोटणीस होते.

रणांगणावर डॉक्टर नेमके काय करतो, हे आपण समजून घेऊ. जखम भरून काढण्याचे मूळ काम शरीरच करते. कातडी फाटली की काही मिनिटांत रक्त साकळते. पांढऱ्या पेशी धावून येतात व जंतूंना गिळतात. मग तळापासून नवे मांस भरत येते आणि कडेची कातडी सरकत येऊन जखम झाकते. मोडलेल्या हाडाच्या दोन टोकांमध्ये आधी मऊ गाठ धरते आणि पुढे तिचेच पक्के हाड बनते.

मग डॉक्टर कशासाठी? जखमेत गोळी, माती किंवा मेलेले मांस राहिले, तर तेथे जंतू माजतात आणि पांढऱ्या पेशी हरतात. हाड वाकडे राहिले, तर शरीर ते वाकडेच जोडते. म्हणून डॉक्टर घाण काढतो, रक्त थांबवतो, हाड सरळ बसवून बांधतो. शरीराच्या कामातील अडथळे तो दूर करतो.

हे काम वेळेत झाले तरच उपयोग. म्हणून कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी चीनमध्ये इस्पितळच लढाईच्या जवळ नेले. पण शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला लहानशी जखम झाली, तिचे विष अंगात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला होता, पण रणांगणावरच्या डॉक्टरांच्या हाती ते अजून आलेले नव्हते.

बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ साली डॉ. कोटणीस यांच्याकडे आले. औषधे अपुरी, थंडी कडाक्याची. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. ते चिनी भाषा शिकले. घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांना याचे मोल वेगळे सांगायला नको. कुठे दुखते हे रुग्णाच्या भाषेत विचारता आले की निम्मी भीती तिथेच जाते. वडिलांच्या निधनाची बातमी आली, तरीही ते काम सोडून परतले नाहीत. तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले; त्यातील 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

मात्र सर्वच दुखणी जखमेसारखी आपोआप भरून येत नाहीत. डॉक्टरांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येत. ते वाढत गेले, तरी त्यांनी विश्रांती घेतली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यिनहुआ तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता.

पालकांनी यातून एवढे घ्यावे. आपल्याकडे अजूनही जखमेवर माती, तंबाखू किंवा चुना दाबतात, मोडलेला हात चोळून घेतात. त्याने शरीराच्या कामात अडथळाच येतो. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ कापड बांधावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा. हाड मोडल्याची शंका असेल, तर तो भाग न हलवता डॉक्टरांकडे न्यावे. फिटच्या आजाराला आज चांगली औषधे आहेत. तो आजार लपवू नये आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत.

सोलापुरात भैय्या चौकात डॉक्टरांच्या घराचे स्मारक केलेले आहे. पुढच्या खेपेला तिकडे गेलात, तर मुलांना ते जरूर दाखवा.