लुई पाश्चर : खुराड्यातून मिळालेला धडा

फ्रान्समधील दोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी लुई पाश्चर यांचा जन्म झाला. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पाच अपत्यांपैकी तीन मुली बालवयातच गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांचे डावे अंग लुळे पडले. तरीही रोगजंतूंचा पाठलाग त्यांनी सोडला नाही.

त्या काळी कोंबड्यांचा कॉलरा खुराडीच्या खुराडी रिकामी करी. तूसें या पशुवैद्याकडून मिळालेले या रोगाचे जंतू पाश्चर कोंबडीच्या रश्श्यात वाढवू लागले. ताजे जंतू टोचले की कोंबडी मरे. परंतु दीर्घकाळ हवेत राहून क्षीण झालेले जंतू टोचले, तर ती थोडी आजारी पडून बरी होई आणि पुढे ताज्या जंतूंनाही दाद देत नसे. मारणाऱ्यालाच राखणदार करण्याची ही युक्ती त्यांनी १८८० मध्ये जाहीर केली. प्रयोगशाळेत जंतू दुर्बळ करून बनविलेली ही पहिली लस होय.

सुटीत विसरलेल्या बाटलीची कथा आपण ऐकतो. प्रयोगवह्या मात्र महिनोन्महिन्यांचे कष्ट दाखवितात, आणि एमिल रू या सहकाऱ्याचा मोठा वाटाही. श्रेय वाटून घेण्यात थोर माणसेही कधी कमी पडतात.

याच वाटेने १८८१ मध्ये मेंढ्यांसाठी अँथ्रॅक्सची लस आली. १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळरोगाची लस टोचली गेली आणि तो जगला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तले. विद्यार्थी मित्रहो, योगायोग सर्वांच्याच दारी येतो. तो ओळखायला तयारीचे मन लागते.