विठ्ठलभाई आणि सभागृहाचा अधिकार

कायदेमंडळात कोण काय बोलले याची चर्चा सर्वत्र होते. परंतु तेथे कोणता विषय केव्हा यावा, हे कोणी ठरविले याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः सत्तेची पहिली चढाओढ तेथेच होते. जो विषय कामकाजपत्रिकेवर येतच नाही, त्यावर मत देण्याची पाळीच प्रतिनिधींवर येत नाही. पारतंत्र्याच्या काळात हा झगडा अध्यक्षांच्या आसनावरून लढविला तो विठ्ठलभाई पटेल यांनी.

विठ्ठलभाई हे करमसदच्या शेतकरी घराण्यातले, सरदार वल्लभभाईंचे वडील बंधू. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी मुंबई ही आपली कर्मभूमी केली. १९१२ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. पुढे केंद्रीय कौन्सिलात त्यांनी १९१८ साली आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देणारे विधेयक मांडले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास पाठिंबा दिला होता. १९२३ साली चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांच्यासमवेत ते स्वराज्य पक्षाच्या स्थापनेत सहभागी झाले. २२ ऑगस्ट १९२५ रोजी ५८ विरुद्ध ५६ मतांनी ते मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष झाले. त्यांच्यापूर्वीचे अध्यक्ष सरकारने नेमलेले होते.

अध्यक्ष होताच त्यांनी पक्षाशी संबंध सोडला. पण सरकारचे अंकितत्वही पत्करले नाही. मार्च १९२६ मध्ये स्वराज्य पक्षाचे सभासद सभात्याग करून गेले, तेव्हा सरकारने वादग्रस्त विषय पुढे आणू नयेत, नाहीतर सभा बेमुदत तहकूब करावी लागेल, असा इशारा त्यांनी दिला. दुसऱ्याच दिवशी ही भाषा घाईची होती हे त्यांनी सभागृहात मान्य केले. चूक कबूल केल्याने आसनाची प्रतिष्ठा उणावत नाही, हे त्यांना उमगले होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये रिझर्व्ह बँकेचे जुने विधेयक सभागृहापुढे पडून असताना सरकारने त्याच विषयाचे नवे विधेयक आणू पाहिले. विठ्ठलभाईंनी त्यास परवानगी नाकारली.

खरी कसोटी सार्वजनिक सुरक्षितता विधेयकाच्या वेळी लागली. परकीय कम्युनिस्टांना देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारला त्यातून हवा होता. सप्टेंबर १९२८ मध्ये मते ६१-६१ अशी समसमान पडली आणि विठ्ठलभाईंनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले. सरकारने विधेयक पुन्हा आणले. तोवर मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या अटका झाल्या. न्यायप्रविष्ट प्रकरणाचा उल्लेख करावयाचा नाही, आणि त्याच्या उल्लेखाविना चर्चा करता यावयाची नाही, असा पेच उभा राहिला. खटला किंवा विधेयक यांपैकी एक बाजूस ठेवा, असे विठ्ठलभाईंनी सुचविले. सरकारने ते मानले नाही. ८ एप्रिलला ते निर्णय देण्यास उठत असतानाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. तीन दिवसांनी विठ्ठलभाईंनी तो प्रस्ताव नियमबाह्य ठरविला.

व्हाइसरॉय आयर्विन यांनी लगोलग वटहुकूम काढला आणि अध्यक्षांना असा अडथळा आणता येऊ नये म्हणून नियम बदलण्याचा मनोदय जाहीर केला. जो निर्णय रुचला नाही, त्याचा आधारच काढून घेण्याचा हा प्रकार होता. त्याच वर्षाच्या आरंभी विठ्ठलभाईंच्या आग्रहाने विधिमंडळाचे सचिवालय सरकारी खात्यांपासून वेगळे झाले होते; ते मात्र टिकले. एप्रिल १९३० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार मुंबईत झाले.

सरकारचे विधेयक रोखण्याचा अधिकार एका व्यक्तीच्या हाती असावा काय, ही शंका रास्त आहे. उद्या एखादा पक्षपाती अध्यक्ष तोच अधिकार विरोधकांचा आवाज दाबण्यासाठी वापरील. म्हणूनच विठ्ठलभाईंनी आपला निर्णय विधेयकाच्या गुणदोषांवर नव्हे, तर मोकळी चर्चा शक्य आहे की नाही या कसोटीवर आधारला, हे महत्त्वाचे. लोकसभेत आज सरकारी कामकाजाचा क्रम अध्यक्ष सभागृहनेत्याशी विचारविनिमय करून ठरवितात; कोणत्या कामास किती वेळ द्यावा याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते. व्यवस्था समंजस आहे, पण ती कागदावरची. अध्यक्ष आपला कौल चर्चेच्या बाजूने देतो की सरकारच्या सोयीच्या, यावरच तिचे मोल ठरते. शंभर वर्षांपूर्वी दोन मतांच्या आधिक्याने निवडून आलेल्या या अध्यक्षाने मांडलेला तो प्रश्न आपण अद्याप पुरता सोडविलेला नाही.