ताऱ्यांच्या पिढ्या ओळखणारे ज्योतिर्विद वॉल्टर बाडे

आकाशांतील तारे आपणांस सारखेच पुरातन भासतात. परंतु गांवांतील माणसांप्रमाणें ताऱ्यांच्या वस्तींतहि वृद्ध असतात, तरुण असतात. आणि एखाद्या वस्तींत पाळणा हलल्यास युगें लोटलेलीं असतात. हें रहस्य ज्यांच्या परिश्रमांमुळें उलगडूं लागलें, त्या वॉल्टर बाडे यांचा अल्प परिचय आम्ही येथें देत आहों.

बाडे यांचा जन्म २४ मार्च १८९३ रोजीं जर्मनींत झाला. वडील शाळामास्तर होते. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी घरच्यांची इच्छा होती. पण विद्यार्थिदशेंतच त्यांचें मन ताऱ्यांकडे ओढलें गेलें. कमरेंतील व्यंगामुळें ते लंगडत चालत. १९१९ सालीं गटिंगेन येथें डॉक्टर ही पदवी मिळवून ते हांबुर्गच्या वेधशाळेंत लागले, व १९३१ सालीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत गेले. तेथील १०० इंची दुर्बीण त्या वेळीं जगांत सर्वांत मोठी होती.

१९४१ च्या डिसेंबरांत जर्मनी व अमेरिका यांच्यामध्यें युद्ध जुंपलें. बाडे अद्याप अमेरिकेचे नागरिक झाले नव्हते. त्यामुळें शत्रुराष्ट्राचा मनुष्य म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. रात्रीं घराबाहेर पडण्याची बंदी, आणि ज्योतिर्विदाचें तर सारें काम रात्रींचें! पुढें डोंगरावर जाण्याची परवानगी मिळाली. सहकारी युद्धकार्यास गेल्यानें दुर्बीण मोकळी होती, आणि पायथ्याच्या लॉस अँजलिस शहराचे दिवे मंद केल्यानें आकाश गडद काळें झालें होतें.

असंख्य ताऱ्यांच्या समुदायास दीर्घिका म्हणतात. देवयानींतील मोठ्या दीर्घिकेजवळ दोन लहान दीर्घिका आहेत. तोंवर त्यांतील सुटे तारे कोणासच दिसले नव्हते. १९४३ सालीं बाडे यांनीं तांबडा प्रकाश टिपणाऱ्या काचा लावून तासन् तास दुर्बीण अचूक रोखून धरली. काचांवर सूक्ष्म ताऱ्यांचा सडा उमटला, आणि त्यांतील तेजस्वी तारे तांबडे होते! मोठ्या दीर्घिकेच्या बाहूंत दिसणारे निळे तेजस्वी तारे तेथें दिसले नाहींत. ताऱ्यांचे दोन वर्ग आहेत, असें त्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केलें.

या भेदाचें मुख्य कारण वय, हें पुढें कळलें. प्रचंड निळा तारा उधळ्या माणसाप्रमाणें आपलें इंधन लवकर संपवितो. म्हणून तो जेथें दिसेल तेथें तारे अलीकडेच जन्मले असें समजावें. लहान तारे मात्र शेंकडों कोटि वर्षें टिकतात. आज ज्योतिर्विद जवळच्या लहान दीर्घिकांतील एकेका ताऱ्याचा रंग व तेज मोजतात, आणि तें गणिताशीं ताडून कोणत्या युगांत किती तारे जन्मले याची जणूं जन्मनोंद तयार करतात. १९९० सालीं अंतराळांत सोडलेल्या हबल दुर्बिणीचें या कामीं मोठें साहाय्य झालें. ध्रुवमत्स्यांतील लहान दीर्घिकेचे जवळजवळ सर्व तारे १००० कोटि वर्षांपूर्वींच जन्मलेले आहेत. सिंहांतील एका दीर्घिकेचे बहुतेक तारे मात्र गेल्या ८०० कोटि वर्षांतले आहेत.

बाडे १९५८ सालीं निवृत्त झाले, आणि २५ जून १९६० रोजीं गटिंगेन येथें निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, परक्या देशांत संशयाचे धनी झालेल्या या गृहस्थांनीं कुढत बसण्याऐवजीं हातीं उरलेलें काम मन लावून केलें. शहराचा काळोख इतरांस अडचणीचा वाटला असेल. बाडे यांनीं त्याच काळोखांत ताऱ्यांच्या पिढ्या पाहिल्या. आपल्या वाट्यास अडचणीचे दिवस येतील तेव्हां त्यांचें स्मरण ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.